एकट्याने प्रवास: कोणत्या टप्प्यावर कोणती पद्धत? (अनुभव धागा)

एकट्याने फिरायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो 'कुठे जाऊ?' या धाग्यात तो जरा बाजूला ठेवू. आधी हे बघा की गरज पडली तर किती तासांत घरी पोचावं लागेल. कॉलेजातल्या मुलाला दोन दिवस लागले तरी चालतं, घरी आजारी आई असणाऱ्याला चार तासही जास्त वाटतात आणि निवृत्तीनंतर कित्येकांना हे बंधनच उरत नाही. या एका आकड्यावर गाडी, मुक्काम, सामान, सगळं ठरतं. आपापल्या टप्प्याला कोणती पद्धत जमली, नेमकं काय करावं लागतं आणि कुठे फसतं, एवढंच लिहा. प्रवासवर्णनं नकोत.

*

विशीतल्यांसाठी लिहितो. हातात पैसे कमी, वेळ भरपूर, पाठ शाबूत. अशा वेळी लाल परीसारखी दुसरी सोय नाही. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास ४ आणि ७ दिवसांचा मिळतो. दिवस मध्यरात्रीपासून मोजला जातो, म्हणून पहिल्या दिवशी दुपारी निघालात तर अर्धा दिवस वाया. पहाटेच्या पहिल्या गाडीने सुरुवात करा. मुलींना तिकिटावर मार्च २०२३ पासून राज्यात अर्धी सवलत आहे, त्यामुळे त्यांनी पास घेण्याआधी अर्ध्या तिकिटांची बेरीज करून बघावी. रोज दीड-दोनशे किलोमीटरच फिरणार असाल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडू शकतात.

फसतं ते पोचण्याच्या वेळेत. मुक्कामाचे पैसे वाचवायला रात्रीची गाडी धरली जाते आणि ती पहाटे साडेतीनला अनोळखी स्टँडवर उतरवते. बाहेर रिक्षा नाही, चहाची टपरी बंद, लॉजवाला दार उघडत नाही. गाडी निवडताना सुटण्याची वेळ बघू नका, उतरण्याची बघा. सहा ते दहाच्या दरम्यान पोचवणारीच घ्या. रेल्वेने गेलात आणि अवेळी उतरावं लागलं तर मोठ्या स्टेशनांवर पीएनआरवर रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरीतली खाट मिळते. ती आयआरसीटीसीवर आधीच घ्या, खिडकीवर जाईपर्यंत संपलेली असते.

गड एकट्याने करायचा असेल तर रुळलेल्या वाटेचाच. हरिश्चंद्रगड पाचनईकडून एकट्याने होतो. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांब आहे. याच गडाच्या नळीच्या वाटेला एकट्याने पाऊलही टाकू नये. कळसूबाई (१६४६ मीटर) बारीकडून सोपा, शिड्यांमुळे वाट चुकत नाही. पण पावसात शनिवार-रविवारी शिडीखाली रांग लागते, तेव्हा आठवड्यातला मधला वार काढा. निघताना पायथ्याच्या घरी जेवण सांगून ठेवा. जेवण तर मिळतंच, पण 'तीन वाजता जेवायला येणार होता, आला नाही' हे कळणारं एक माणूस गावात राहतं. हिमालय पहिल्यांदा करणाऱ्यांनी युथ होस्टेल्स या संस्थेच्या तुकडीबरोबर जावं. घरून एकटे निघता, वर मात्र तुकडी आणि वाटाड्या असतो.

*

घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असताना बाहेर पडणं हा वेगळाच विषय आहे आणि यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

चार तासांचं वर्तुळ आखा आणि त्यातही शेवटची गाडी दुपारी चारला सुटते अशी गावं वगळा. पुण्याहून वाई, भोर, सातारा. मुंबईहून कर्जत-नेरळ बरं, कारण लोकल रात्री उशिरापर्यंत असते. मांडव्याच्या बोटीच्या भरवशावर अलिबाग ठरवू नका, पावसाळ्यात गेटवेहून सुटणाऱ्या बोटी बंद असतात. ताम्हिणीपलीकडचं कोकणही या टप्प्यात नको: घाटात रेंज जाते आणि दरड पडली तर वळसा फार मोठा. मुक्काम एकच रात्र. शनिवारी दुपारची औषधं आपल्या हाताने देऊन निघायचं, रविवारी संध्याकाळच्या औषधांआधी परत.

खरी तयारी घरात असते. बदली माणसाला आदल्या आठवड्यात एक पूर्ण दिवस तुम्ही घरी असताना सगळं एकट्याने करू द्या. तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा, मध्ये बोलू नका. कुठे अडतं ते त्या दिवशी कळतं, प्रवासात नव्हे. गोळ्यांसाठी 'सकाळच्या, रात्रीच्या' असं सांगणं पुरत नाही. पाकिटावरचं नाव, गोळीचा रंग, जेवणाआधी की नंतर, आणि 'उलटी झाली तर पुन्हा द्यायची का' याचं डॉक्टरांना विचारून घेतलेलं उत्तर, हे सगळं एका कागदावर. शेवटच्या मुद्द्यावरूनच सगळ्यात जास्त फोन येतात. त्याच कागदावर डॉक्टरांचा नंबर, रक्तगट, मेडिक्लेमचा क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८. कागद फ्रिजच्या दारावर, आणि त्याचा फोटो बदली माणसाच्या फोनमध्ये.

फोनची वेळ बांधून घ्या: सकाळी नऊ, रात्री नऊ. मध्ये फोन आला तर तो अडचणीचाच असेल हे दोघांनाही ठाऊक असतं. ही बांधणी केली नाही तर माणूस डोंगरावर बसूनही घरातच असतो. एका रात्रीसाठी एवढा खटाटोप कशाला असं वाटेल, पण वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्याला ती रात्र मिळायलाच हवी.

*

मुलं लहान असतील तर एकच सुचवतो: शनिवार-रविवार सोडा, मंगळवार-बुधवार घ्या. शाळेची घडी चालू असते, घरी राहणाऱ्या जोडीदाराला मुलं दिवसभर सांभाळावी लागत नाहीत आणि कोकणातल्या घरगुती मुक्कामांत त्या दिवशी भावावर बोलताही येतं.

*

पंचेचाळिशीपुढच्या बायकांना रेल्वेत एक सोय आहे, ती अनेकींना माहीत नसते. एकटीने (किंवा दोघींनी) प्रवास करताना ४५ पूर्ण झालेल्या स्त्रीला खालच्या बर्थचा वेगळा कोटा लागू होतो. पुरुषांना तो ६० नंतर. आयआरसीटीसीवर तारीख टाकतो तिथेच कोट्याच्या यादीत 'लोअर बर्थ / सीनियर सिटिझन' निवडायचं. एकाच तिकिटावर तीन नावं घातली की हा कोटा मिळत नाही, म्हणजे एकटीलाच याचा खरा उपयोग. तो भरला असेल तर साध्या कोट्यात 'किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच बुक करा' या अर्थाच्या पर्यायावर खूण करा. गुडघे दुखत असतील, रात्री तीनदा उठावं लागत असेल, तर बर्थ हाच प्रवासाचा पाया आहे. आरएसी तिकिटावर मात्र या वयात निघू नका, बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना रात्र बसून काढावी लागते.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. जुन्या हिशेबाने वेळापत्रक आखू नका. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर ऑनलाइन निघत नाही. जोडणी आधी करून ठेवा, दहा वाजता ओटीपीची वाट बघत बसलात तर तिकीट गेलं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. गाड्या हळू धावतात, म्हणून उतरण्याची वेळ पुन्हा तपासा.

*

वरच्या ताईंचं बर्थचं म्हणणं पटलं. चाळिशीतल्या, तब्येत धड असलेल्या आणि वर्षाला सात-आठ दिवसांची रजा जमवू शकणाऱ्यांसाठी सायकल सुचवतो. किनाऱ्याचा रस्ता त्यासाठीच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

अलिबाग ते मुरूड पन्नासेक किलोमीटर, पहिल्या दिवशी तेवढंच. पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरी बोटी खाड्या ओलांडून देतात, सायकल बोटीत चढते. शेवटी तेरेखोलची फेरी ओलांडली की गोव्यातलं केरी. नकाशावर किनारा सपाट वाटतो, पण प्रत्येक खाडीनंतर रस्ता सड्यावर (कातळी पठारावर) चढतो आणि पुन्हा पुळणीवर उतरतो. सपाटीवर रोज ९० किलोमीटर मारणाऱ्याने इथे ६० धरावेत.

सामान: दोन ट्यूब, पंक्चर पॅच, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ४-५-६ मिलिमीटरच्या ॲलन की, चेनची एक जोडकडी, तेलाची छोटी बाटली. खाऱ्या हवेत आणि लाल धुळीत चेन दोन दिवसांत करकरायला लागते. रोज संध्याकाळी आधी कोरड्या फडक्याने पुसून, मग प्रत्येक कडीवर एक थेंब. न पुसता तेल टाकलंत तर धुळीची लापशी होऊन दातेरी चाकं झिजतात.

गुडघा पुढून दुखायला लागला की बहुतेक वेळा सीट खाली असते. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. वाकलेला राहिला तर सीट अर्धा सेंटिमीटर वर, लगेच दोन सेंटिमीटर नको. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळं पाकीट ओतलं की तहान वाढते आणि मळमळतं.

परत येताना सायकल रेल्वेच्या पार्सलमधून येते, पण छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात ती चढत नाही. मडगावसारख्या मोठ्या स्टेशनवरून बुक करा, तेही तीनेक तास आधी पोचून. खासगी बसच्या डिकीत टाकणार असाल तर पुढचं चाक काढा आणि गिअरची बाजू वर ठेवा, नाहीतर डीरेलर (गिअर बदलणारा भाग) वाकतो आणि घरी पोचल्यावर गिअर बसत नाहीत.

*

निवृत्त मंडळींसाठी: नर्मदा परिक्रमा. मराठी माणसं ती मोठ्या संख्येने एकटी करतात, म्हणून स्पष्ट लिहिलेलं बरं.

नदी कायम उजव्या हाताला. ओंकारेश्वरहून उचललीत (म्हणजे सुरू केलीत) तर दक्षिण तटाने पश्चिमेला समुद्राकडे, तिथे विमलेश्वरहून बोटीने उत्तर तटावर, मग पूर्वेला अमरकंटक, आणि पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वर. मध्ये नर्मदा ओलांडायची नाही. अंतर २६०० किलोमीटरच्या पुढे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्यालाही, मधले थांबे धरून, चार-पाच महिने लागतात. चातुर्मास संपल्यावर, कार्तिकात उचलतात.

पेन्शनवाल्यांनी एक लक्षात ठेवा: हयातीचा दाखला सहसा नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो आणि परिक्रमाही तेव्हाच सुरू होते. आधी दाखला देऊन, पोच घेऊन मगच निघा. शूलपाणीच्या झाडीत (वाटेतल्या जंगलात) गेल्यावर 'पेन्शन थांबली' असा घरून फोन आला तर तिथून काही करता येत नाही.

पाठीवर सहा-सात किलोच्या वर नको. दोन जोड कपडे, आसन, पातळ पांघरूण, कमंडलू, टॉर्च, औषधं. पहिल्या आठवड्यात जे एकदाही बाहेर काढलं नाही ते पुढच्या मोठ्या गावातल्या पोस्टातून पार्सल करून घरी पाठवा. 'लागलं तर असू दे' म्हणत बाळगलेला एक किलो दिवसाला तीस हजार पावलं सोबत येतो. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा, कारण दुपारनंतर पाय सुजतो. पायाला जिथे चटका बसल्यासारखं वाटतं तिथेच थांबून बूट काढा, पाय कोरडा करा, पट्टी लावा. 'पुढच्या आश्रमात बघू' म्हटलं की फोड आलाच. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या ठेवा आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या. मध्य प्रदेशातल्या छोट्या गावात तुमची कंपनी मिळत नाही, औषध मिळतं.

एवढं चालणं झेपणार नसेल तर चैत्रात गुजरातेतली उत्तरवाहिनी (नर्मदा उत्तरेकडे वाहते तेवढ्याच भागाची छोटी परिक्रमा) करा. तिलकवाडा-रामपुरा परिसरात साधारण २१ किलोमीटर. पहाटे लवकर निघा, उन्हाच्या आत संपवा. गाडीने पंधरा-वीस दिवसांत पूर्ण परिक्रमा होते, पण त्यात बसणं फार असतं. कंबरदुखी असणाऱ्यांना कधीकधी चालणंच बरं पडतं.

*

दादांनी निवृत्तांचं लिहिलं, पण पंचाहत्तरीचं राहिलं. त्या वयात फिरणं नको, राहणं बरं: एकाच गावी सात-आठ दिवस, एकच खोली, रोजचा एकच रस्ता. गोंदवले, शेगाव, पंढरपूर अशा ठिकाणी भक्तनिवास आणि प्रसादाची सोय असते, त्यामुळे जेवण शोधत हिंडावं लागत नाही. एकादशी, वारी, उत्सव टाळून जा. खोली तळमजल्याची मागा आणि ताबा घेण्याआधी न्हाणीघरात पाय टाकून फरशी निसरडी आहे का ते बघा.

एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ नंतर फुकट. दोन्ही राज्याच्या हद्दीपर्यंतच. पणजीला निघालात तर हद्दीपुढचे पैसे पडतील. रेल्वेतली ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, ती गृहीत धरून पैसे घेऊ नका.

खिशात एक कार्ड असू द्या, पाकिटात नको. पाकीट खोलीवर राहतं. सदऱ्याच्या किंवा ब्लाउजच्या आत शिवलेला छोटा कप्पा उत्तम. त्यावर नाव, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, मुलाचा किंवा मुलीचा फोन, आणि ज्या भक्तनिवासात उतरलात त्याचं नाव व खोली क्रमांक. शेवटचं दर मुक्कामाला बदलतं, म्हणून ते पेन्सिलने लिहा.