वस्तुसंग्रहालयातील नोकरी : तुम्ही या क्षेत्रात कसे आलात?

दीपमाळ
माझ्या भाचीने बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज भरला, तेव्हा घरातील थोरांनी तिला विचारले, ‘म्हणजे तू तिथे नेमके काय करणार?’ मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या वडिलांनी मला हेच विचारले होते. तो विभाग १९५२ पासून चालू आहे, तरी आपल्या घरांत हा प्रश्न अजून जुना झालेला नाही. त्या निमित्ताने बरेच आठवले, म्हणून हा धागा.

इतिहासात एम.ए. झाल्यावर मी एका खाजगी संग्रहालयात सहायक म्हणून लागले. दालनात उभे राहून पेशवाईवर बोलायचे, असे माझ्या मनात होते. प्रत्यक्षात मला कोठाराची किल्ली आणि नोंदवही मिळाली. प्रत्येक वस्तूचा नोंदणी क्रमांक, माप, घडण, ती कोणाकडून आणि कशी आली, आज तिची अवस्था काय आहे, हे सारे लिहायचे. वस्तूवर क्रमांक घालण्याचीही रीत असते. पितळी दिव्यावर आधी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की बारीक निबाने क्रमांक लिहायचा आणि त्यावर पुन्हा एक थर द्यायचा, म्हणजे पुढे कधी क्रमांक बदलावा लागला तर धातूला ओरखडा न पडता तो पुसता येतो. लुगड्याला मात्र शाई लावायचीच नाही. सुती फितीवर क्रमांक लिहून ती काठाला हलक्या हाताने टाचायची. मला हे काम फार दिवस कारकुनी वाटले. नोंद आणि छायाचित्र नसलेली मूर्ती चोरीला गेली, तर ती आपलीच होती हेही पोलिसांना पटवून देता येत नाही, हे कळल्यावर त्या वहीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

अभिरक्षक (क्युरेटर), मार्गदर्शक, रसायनतज्ज्ञ, सुतार, पहारेकरी, सर्वांनी लिहावे.

कंदीलवाला
मी उपयोजित कला शिकलो आणि जाहिरात क्षेत्रात कंटाळून प्रदर्शनांच्या मांडणीकडे वळलो. माझे अर्धे आयुष्य ‘इथे इतका अंधार का?’ या प्रश्नाला उत्तर देण्यात गेले आहे. कापड, लघुचित्रे आणि हस्तलिखिते यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचे एकक) जास्त प्रकाश पडू द्यायचा नसतो, कारण उडालेला रंग परत येत नाही आणि आज थोडा, उद्या थोडा असा झालेला परिणाम साठत जातो. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन, विजेचे बिल भरायला काही मदत हवी आहे का, असे फार आपुलकीने विचारले होते.

मोडीवेडी
दीपमाळताई, नोंदवहीबद्दल अगदी मनातले लिहिलेत. माझा प्रवेश तर त्या वह्यांमुळेच झाला. एका संस्थेकडे जुनी दफ्तरे आणि मोडीतील याद्या होत्या, त्या वाचणारे कोणी नव्हते आणि मी हौसेने मोडी शिकले होते. यादीत लिहिलेली ढाल आणि कपाटातील ढाल एकच आहे, हे माप आणि वर्णन जुळवून सिद्ध करण्यात जो आनंद आहे, तो मला पदोन्नतीतही मिळाला नाही. पदोन्नती फारशी झालीही नाही, हा भाग वेगळा.

करारी
माझे नाव वाचून गैरसमज नको. मी स्वभावाने नव्हे, नेमणुकीने करारी आहे. अकरा महिन्यांचा करार, मध्ये खंड, पुन्हा अकरा महिने, असे माझे चालले आहे. शासकीय संग्रहालयांत अभिरक्षकाची किंवा सहायक अभिरक्षकाची जाहिरात निघते तेव्हा मागची जाहिरात पाहिलेली माणसे वयोमर्यादा ओलांडून गेलेली असतात. ज्या संस्थेत मी पहिल्यांदा काम केले तिथे मानधन तीन-तीन महिने थकत असे आणि त्याबद्दल विचारले की ‘तुम्हाला इतिहासाची आवड आहे ना?’ असे ऐकवले जाई. आवड असलेल्या माणसालाही घरभाडे द्यावे लागते, हे तरुणांना कोणीतरी आधीच सांगायला हवे. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगा संग्रहालयात असतो’ असे काकांनी सांगताच मुलीच्या मामांनी ‘कोणत्या कपाटात?’ असे विचारले होते.

सुईदोरा
करारी, तुमच्या भावी मामेसासऱ्यांना माझा नमस्कार कळवा.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे आणि औषधांच्या कारखान्यात जायचे सोडून लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत प्रशिक्षण घेऊन वस्त्रसंवर्धनात आले. या कामात सर्वांत अवघड असते ते काही न करणे. डाग दिसला की तो काढावासा वाटतो. परंतु धुण्याने डागाबरोबर रंगही जाणार असेल, तर डाग राहू द्यायचा. जुने जरीचे वस्त्र घडीवरच चिरत जाते, म्हणून शक्य तेथे ते आम्लविरहित कागद लावलेल्या रुंद नळीवर गुंडाळायचे. धातूंचे पाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला कांस्यमूर्तीवर फिकट हिरवी भुकटी दिसली की त्याची झोप उडते, कारण ती भुकटी म्हणजे क्लोराइडमुळे लागलेला रोग असतो आणि हवा दमट असेल तर तो मूर्ती आतून खात राहतो. मुंबईच्या पावसाळ्यात आम्ही आर्द्रतामापकाकडे जितके पाहतो तितके घड्याळाकडे पाहत नाही.

आंबेमोहोर
सुईदोराताई, धाग्याचा विषय नाही, परंतु आजीच्या शालूत डांबरगोळ्या ठेवल्या आहेत, त्या चालतील का?

सुईदोरा
शालूला चिकटून तर अजिबात ठेवू नका, आणि त्यांची वाफ माणसांनाही चांगली नाही. खळ काढलेल्या, धुतलेल्या मलमलीत शालू गुंडाळा, घडीच्या आत मलमलीचीच गुंडाळी ठेवा म्हणजे कडक मोड पडणार नाही, आणि वर्षातून दोन-तीनदा सावलीत उघडून घडी बदला. कसर तेव्हाच दिसते. माझ्या नोकरीतील निम्मा सल्ला नातेवाइकांच्या कपाटांना गेला आहे, त्यामुळे संकोच करू नका.

उत्तरायण
मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. येथील विद्यापीठात संग्रहालय-अभ्यासाचा विभाग १९६६ पासून आहे, परंतु मी तिथे प्रवेश घेण्याआधी एका लहान संग्रहालयात स्वयंसेविका म्हणून जात असे. भारतातून आलेल्या वस्तूंच्या पेटीत पितळेची एक सुबक, खालून खरबरीत अशी वस्तू होती आणि नोंदीत ती शोभेची म्हणून लिहिलेली होती. ती पाय घासायची वजरी आहे हे मी सांगितले, तेव्हा सर्वांनी माझ्याकडे मोठी विदुषी असल्यासारखे पाहिले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात लहानपणी वजऱ्या आणि अडकित्ते पाहिलेले होते, एवढेच माझे पांडित्य. त्या ओळखीतून पुढे पगाराचे काम मिळाले. तरी एक गोष्ट खटकते. बिनपगारी काम हाच जर या व्यवसायाचा दरवाजा असेल, तर ज्याच्या घरी दुसरे कोणी कमावते तोच आत येतो, आणि मग कोणाच्या घरातील वस्तू जपायच्या हेही तोच ठरवतो. दिनकर केळकरांनी दिवे, सुपाऱ्या कातरायची साधने आणि स्वयंपाकघरातील भांडी गावोगाव फिरून जमवली नसती, तर आपल्या आज्यांच्या हातातील किती वस्तू अशा पेटीत शोभेच्या म्हणून पडून राहिल्या असत्या, असे मला नेहमी वाटते.

अजबबंगला
नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला आमच्याकडे अजब बंगलाच म्हणतात. १८६३ मध्ये ते सुरू झाले. लहानपणी तिथले पेंढा भरलेले प्राणी पाहूनच मला या कामाचे वेड लागले आणि पुढे दुसऱ्या एका संग्रहालयात मी मार्गदर्शक झालो. अभ्यासक्रमात शिल्पशैली शिकवतात. पन्नास मुलांची रांग, दोन शिक्षक आणि डबा खाण्याची वेळ यांचे काय करायचे, हे कोणी शिकवत नाही. मुले सर्वांत आधी विचारतात की हे खरे आहे का, आणि त्यानंतर विचारतात की याची किंमत किती. दुसऱ्या प्रश्नाचे चांगले उत्तर मला अजून सापडलेले नाही.

तक्रार-नाही
कोणी प्रवेशाबद्दल सांगेल का? बी.ए. शेवटच्या वर्षाला आहे आणि घरून बडोद्याला पाठवणार नाहीत.

दीपमाळ
मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातच संग्रहालयशास्त्र आणि संवर्धन यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो, आणि १९२२ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या वास्तूत शिकणे हा वेगळाच अनुभव आहे, त्यामुळे त्याची माहिती आधी काढा. पुण्यात असाल तर डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व शिकून या बाजूला आलेले पुष्कळजण आहेत. शिवाय पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेने बनवलेली ‘जतन’ ही वस्तूंच्या नोंदी ठेवण्याची संगणकप्रणाली देशातील मोठ्या शासकीय संग्रहालयांत वापरतात. मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून वस्तूचे नीट छायाचित्र काढता येणे आणि नोंदी न कंटाळता भरता येणे, या दोन गोष्टी शिकून ठेवल्यात तर पहिले काम लवकर मिळेल. करारी यांनी लिहिले आहे तेही दोनदा वाचा.

रंधा
मी सुताराचा मुलगा. वडील काचेची कपाटे बनवत, मी त्या कपाटांच्या आत वस्तू उभी राहील असे आधार बनवतो. पदवी नाही. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चे. त्याचे पुनरुज्जीवन होऊन २००८ मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा मी ते पाहायला गेलो, आणि माणसे दालनातील वस्तू पाहत होती तेव्हा मी जुन्या कपाटांच्या कडा पाहत होतो. त्यानंतर ठरवले की हेच करायचे.

आधार चांगला असेल तर तो कोणाला दिसत नाही, त्यामुळे कौतुकाची अपेक्षा ठेवू नये. पितळी सळई मूर्तीच्या वळणाप्रमाणे वाकवायची, जिथे स्पर्श होईल तिथे मऊ अस्तर द्यायचे आणि भार एका जागी येऊ द्यायचा नाही. कशाचे अस्तर द्यायचे तेही शिकावे लागते. लोकरीच्या किंवा रबराच्या गादीवर ठेवलेली चांदी काळी पडते, कारण त्यांत गंधक असते. साध्या प्लायवूडच्या बंद कपाटात आम्लाची वाफ साठते आणि शिशाच्या वस्तूवर पांढरी भुकटी धरते. वडिलांनी आयुष्यभर प्लायवूडच वापरले होते. हे सारे मी त्यांना समजावले तेव्हा ते म्हणाले, ‘मग शिशाची वस्तू ठेवायचीच कशाला?’

तक्रार-नाही
रंधादादा, तुमच्या कामावर शिकायला मुलींना घेता का? मला हाताचे काम आवडते आणि अभ्यासक्रम सुरू होईपर्यंत वेळ आहे.

रंधा
घेतो, सध्या दोघी शिकत आहेत. पहिले काही आठवडे वस्तूला हात लावायला मिळणार नाही, फक्त मापे घ्यायची आणि खोट्या मूर्तीवर सळई वाकवायची. अंगठी, बांगड्या आणि गळ्यातील ओळखपत्र काढून यायचे, केस बांधून यायचे. प्रवासखर्च आणि जेवण माझ्याकडे, थोडे मानधनही देईन. उत्तरायणताईंनी वर लिहिले आहे ते मला पटते. व्यक्तिगत निरोपात फोन क्रमांक कळवा.