कोटिक्यूलवर वस्तरा: हातावरचे केस जातात, गालावर मात्र ओढतो

शशांक_नाशिक
मित्राकरवी जर्मनीतल्या सोलिंगेनचा जुना वस्तरा मागवला आणि हौसेला मोल नाही म्हणत धार लावायचा बेल्जियमचा कोटिक्यूल दगडही घेतला. वर पिवळा, खाली निळसर-करडी पाटी चिकटवलेली. सोबतच्या छोट्या तुकड्याने घासून दुधासारखा गाळ काढतो आणि त्यावर वस्तरा फिरवत बसतो. हातावरचे केस सपासप जातात, पण गालाला लावला की डोळ्यांत पाणी. हा दगड नक्की किती नंबरचा (नंबर जितका मोठा तितके कण बारीक)? कुणी ८००० म्हणतं, कुणी १२०००. आता जपानी दगड घेणं आलं का? आणि आई म्हणते, एवढा महागाचा दगड आणलायस तर विळीलाही धार लावून दे. लावू का?

रोखठोक
१०००, ५०००, १२००० असे तीन कृत्रिम दगड घ्या, विषय संपला. खाणीतल्या दगडाची नाटकं कोण सांभाळणार?

टूलरूमवाले काका
रोखठोक, तुमचा हिशोब बरोबर आहे. पण शशांकच्या घरात दगड येऊन पडलाय, आता त्याला आणखी तीन कशाला घ्यायला लावता?

शशांक, आधी नंबर डोक्यातून काढ. नंबर कारखान्यात चाळून एकसारख्या केलेल्या कणांना असतो. तुझा दगड आर्देनच्या डोंगरातला, व्हिएल्साल्मच्या आसपासचा. तिथे जांभळट-निळ्या पाटीच्या दगडात हा पिवळा थर सापडतो, तोही चार-दोन बोटं जाडीचा. एकटा ठेवला तर तडकतो, म्हणून खाली पाटी चिकटवतात. (मुलगी लक्झेंबर्गला असते, तिच्याकडे गेलो की व्हिएल्साल्मजवळच्या साल्मशातोला चक्कर होतेच. तिथे नदीकाठी जुन्या कारखान्यात या दगडाचं संग्रहालय आहे. बायको गाडीतच बसते.)

या पिवळ्या थरात गार्नेट नावाच्या कठीण खनिजाचे बारीक खडे ठासून भरलेले असतात. आकाराने काही मायक्रॉनचे, म्हणजे त्या मानाने जाडेच. पण प्रत्येक खड्याला अनेक पैलू, कोपरे बोथट. त्यामुळे ते पोलादात खोल चर पाडत नाहीत, वरवर खरवडतात. म्हणून कण जाडे असूनही धार मऊ येते, आणि म्हणूनच त्याला ८००० म्हणा नाहीतर १२०००, दोन्ही अंदाजच.

आता तुझं दुखणं. दाट गाळात हे खडे सुटे होऊन लोळत असतात. तू धार पुढे करून वस्तरा सरकवतोस तेव्हा ती थेट या खड्यांवर जाऊन आपटते. एका बाजूने दगड धार काढतो, दुसऱ्या बाजूने गाळ ती मारतो. एका हद्दीपर्यंत दोघांची बरोबरी होते आणि मग तासभर घासलंस तरी वस्तरा तिथेच. हातावरचे केस कापणारी आणि गालावर ओढणारी धार ती हीच.

तेव्हा गाळ काढ, पण त्यावर मुक्काम करू नकोस. वस्तऱ्याच्या बुडापासून टोकापर्यंत हातावरचे केस सारखे कापले जायला लागले की बोट पाण्यात बुडवून दगडावर दोन थेंब टाक, थोडे हात मार, पुन्हा दोन थेंब. गाळ दुधासारखा असतो तो ताकासारखा, मग निवळीसारखा होत गेला पाहिजे. घाईने पाणी ओतलंस तर मधली पायरी हुकते. शेवटी दगड धुऊन नुसत्या पाण्यावर, आणि तिथे वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त दाब नको. पाठ आणि धार दोन्ही कायम दगडाला टेकलेली. वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीच्या जाडीनेच ठरलेला असतो, आपण शहाणपणा करून पाठ उचलायची नाही. मग आधी कापडी आणि नंतर चामड्याच्या पट्ट्यावर, इथे मात्र पाठ पुढे, धार मागे.

जपानी दगड? क्योटोच्या डोंगरातले उत्तम असतात, किंमतही तशीच असते. आत्ता गरज नाही.

विळीला हा दगड लावू नकोस. पातं वाकडं, पाटाला जडलेलं, ते सपाट दगडावर धड फिरत नाही. हातात मावेल असा साध्या दगडाचा तुकडा घे, विळी आडवी पाडून पायाने पाट दाब आणि दगडच पात्यावरून फिरव. शिवाय टोमॅटोच्या सालीला धारेला थोडे दात असलेले बरे, वस्तऱ्यासारखी गुळगुळीत धार त्यावरून घसरते. सुरीला १००० नंबरचा दगड भरपूर झाला. फक्त रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे कार्बन पोलादाचं काही देऊ नकोस. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या आणि कडेला निळी झाक आली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं म्हणून समज.

अश्विनी_डॅलस
काका, माझ्याकडे अर्कान्सा (अमेरिकेतला धारेचा दगड) आहे, लाकूड कोरायच्या पटाशींसाठी. त्याचाही असाच गाळ काढायचा का?

टूलरूमवाले काका
नाही. तो नोव्हाक्युलाइट, जवळजवळ शुद्ध सिलिका. त्याचे कण सहसा सुटत नाहीत, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग किती घोटलेला आहे त्यावर सगळं. एक बाजू थोडी खरखरीत, दुसरी घोटून गुळगुळीत ठेवा, एका दगडात दोन कामं. पातळ तेल किंवा साबणाचं पाणी, दोन्ही चालतं.

शशांक_नाशिक
काका, थेंबाथेंबाने केलं. गाल खूश! फक्त टोकाजवळ अर्धा इंच अजून ओढतोय.

टूलरूमवाले काका
धारेच्या दोन्ही अंगांना मार्करची शाई लाव आणि हलक्या हाताने एकेक हात मार. टोकाला शाई तशीच राहिली तर तिथे दगड लागतच नाहीये. टोकाकडे जाताना वस्तरा थोडा तिरका ओढत ने, एकदम सरळ नको. तरीही राहिली तर दगड मध्ये खोलगट झालाय का बघ. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासायचं. दगडाच्या कडाही किंचित मोड, नाहीतर पात्याला टवके उडतील. घासताना पाणी सोडत राहा, कोरडी धूळ नाकात जाऊ देऊ नकोस, त्या पाटीत सिलिका असते.