पुरानंतरही नृसिंहवाडीला जाते, शंका मात्र गेलेली नाही. हे ढोंग आहे का?

कृष्णाकाठची: २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, आमचं सांगलीतलं घर तळमजल्यावरचं. परत आलो तर देवघरात चिखल, आणि दत्ताच्या फोटोत पाणी शिरून रंग उतरलेला, नुसते पाय दिसत होते. तोवर दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचे. तिथं नदी दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडली की दक्षिणद्वार सोहळा म्हणून आम्ही त्याच पाण्यात अंघोळ करतो, मग तेच पाणी माझ्या घरात शिरलं तर त्याला काय म्हणायचं? वर्षभर गेलेच नाही. आता परत जाते, पण प्रश्न तसाच आहे. धाकटा म्हणतो आई हे ढोंग आहे.

मिरजेचा मी: ढोंग नाही ताई, पण उत्तर चुकीच्या दारात मागताय. तुफान पाऊस, धरणांचा विसर्ग, पूररेषेतली बांधकामं, हे विचारायचं सोडून आपण देवाला विचारत बसतो. मांढरदेवीला २००५ च्या जानेवारीत चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली, सगळी दर्शनालाच आलेली ना?

फलटणचा माळकरी: दादा, मांढरदेवीला गर्दीचं नियोजन चुकलं, त्याचा जाब मागाच की, आम्हीपण मागतो. पण तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले, त्यांनी देवाला कमी सुनावलंय का? जनाबाई तर विठ्ठलाला सरळ शिव्या घालते. शंका आली म्हणून माळ काढायची असती तर वारीत कोणी उरलंच नसतं.

मिरजेचा मी: ते संत होते हो. सामान्य माणूस घाबरून धरून ठेवतो, त्याला श्रद्धा कसं म्हणायचं? साताऱ्याचे दाभोलकरपण देव मानणाऱ्याच्या विरोधात नव्हतेच, देवाच्या नावानं लुबाडणाऱ्याच्या होते. मीही ताईंना जाऊ नका म्हणत नाहीये, भीतीनं जाऊ नका एवढंच.

कृष्णाकाठची: भीती असती तर त्या वर्षभरातच गेले असते भाऊ, तेव्हा तर रात्री पावसाचा आवाज आला तरी उठून बसायचे. पूर देवानं आणला असंही मी म्हणत नाही. घर धुताना शेजारच्या काकू न बोलता शेजारी बसून भांडी घासत होत्या, बदललं काहीच नाही, पण मी एकटी नव्हते. वाडीला पायरीवर बसलं की मला तसंच वाटतं, ह्याच्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

फोटो अजून तोच आहे, नवा आणला नाही. येत्या पौर्णिमेला जाणार आहे. धाकटा गाडीवर सोडतो म्हणालाय, देवळात येणार नाही, घाटावर थांबणार.