दारात उरलेले मुद्दे : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतील स्वयंसेवकांचे अनुभव

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा काही काळ राहून परतलेल्या बऱ्याच मराठी मंडळींनी अध्यक्षीय निवडणुकीत कोणत्या ना कोणत्या उमेदवारासाठी स्वयंसेवक म्हणून काम केलेले आहे. कोणी घरोघरी फिरले, कोणी संध्याकाळी फोन लावत बसले, तर कोणी मतदानाच्या दिवशी ज्येष्ठ नागरिकांना केंद्रावर नेऊन सोडले. दूरचित्रवाणीवरील चर्चेत जे मुद्दे निर्णायक म्हणून मांडले जातात, ते मतदाराच्या दारात त्याच रूपात क्वचितच भेटतात, असे माझे निरीक्षण आहे. आपण जो मुद्दा घेऊन बाहेर पडलात त्याचे दारात काय झाले, एवढेच या धाग्यावर लिहावे, अशी विनंती आहे. पक्ष सांगण्यास हरकत नाही, परंतु कोणी कोणाला मत द्यायला हवे होते हा वाद येथे नको. सुरुवात मीच करते.

आयोवा, २००८ (धागाकर्ती)

२००७ च्या हिवाळ्यात मी आयोवातील एम्स येथे शिकत होते आणि बराक ओबामा यांच्या मोहिमेत काम करत होते. मला मतदानाचा अधिकार नव्हता. परदेशी नागरिकाला निवडणुकीसाठी देणगी देण्यास कायद्याने बंदी असली, तरी विनामोबदला स्वयंसेवा करण्यास आडकाठी नसते. हे अनेकांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम नमूद करते.

त्या वेळी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी परस्परांशी लढणाऱ्या ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्या आरोग्यविमा योजनांमध्ये एक ठळक फरक होता. क्लिंटन यांच्या योजनेत प्रत्येकाने विमा घेणे सक्तीचे होते, तर ओबामांच्या योजनेत ही सक्ती केवळ मुलांपुरती होती. हा फरक मतदारांना समजावून देण्याची तयारी आमच्याकडून करून घेतलेली होती. आयोवातील मतदार मात्र आमच्याहून अधिक तयारीचे निघाले. एका निवृत्त शिक्षिकेने माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की, निरोगी माणसे विम्याबाहेर राहिली तर आजारी माणसांच्या खर्चाचा भार उचलणार कोण? विम्याचे गणित त्यांच्याच बाजूचे होते. पुढे २०१० मध्ये ओबामांच्याच स्वाक्षरीने जो कायदा झाला, त्यात ती सक्ती आलीच.

आयोवाच्या कॉकसमुळे, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी भरणाऱ्या मतदारांच्या स्थानिक सभेमुळे, मुद्दे मांडण्याची रीतही बदलत असे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या सभेत लोक उमेदवारनिहाय गट करून उभे राहत आणि ज्या गटाला साधारणपणे १५ टक्के लोक मिळत नसत, त्यातील मंडळींना दुसऱ्या गटात जाण्याची मुभा असे. त्यामुळे प्रत्येक मतदाराची दुसरी पसंती मोलाची ठरत असे आणि इतर उमेदवारांबद्दल वावगे बोलणे आम्हालाच महागात पडले असते. उमेदवारीच्या शर्यतीतले आणखी एक इच्छुक जॉन एडवर्ड्स यांच्या समर्थकाकडे आम्ही जात असू ते त्यांच्याबद्दल आदर राखूनच. निवडणूक पद्धतीच्या एका नियमाने प्रचाराला जेवढी सभ्यता आली, तेवढी कोणत्याही आवाहनाने आली नसती, असे माझे मत आहे.

मिशिगन, २०१६

मी डेट्रॉइटच्या परिसरात मोटार उद्योगात अभियंता आहे. २०१६ मध्ये मी हिलरी क्लिंटन यांच्यासाठी मॅकोम काउंटीमध्ये फिरलो. या काउंटीने २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना कौल दिला होता, त्यामुळे येथे फक्त लोकांना मतदानाची आठवण करून द्यायची आहे, अशा समजुतीने आम्ही गेलो होतो. आमच्या हातातील संहितेत, म्हणजे मतदाराशी काय बोलायचे याच्या लेखी टिपणात, मुलांची काळजी, महाविद्यालयीन शुल्क आणि स्त्रियांचे समान वेतन हे विषय होते. ते मला मनापासून पटणारे होते आणि आजही आहेत.

दारांत मात्र विषय एकच निघाला, तो म्हणजे व्यापार करार. उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९९४ रोजी अमलात आला. त्याच्या वाटाघाटी थोरले बुश यांच्या काळात झाल्या असल्या, तरी त्याला कायद्याचे रूप देणारी सही बिल क्लिंटन यांची होती आणि हे आडनाव लोकांच्या पक्के लक्षात होते. प्रशांत महासागराच्या परिसरातील देशांशी होऊ घातलेल्या नव्या कराराला हिलरी यांनी परराष्ट्रमंत्री असताना पाठिंबा दिला होता आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये विरोध जाहीर केला होता. डोनाल्ड ट्रम्प यांचाही त्याला विरोधच होता. म्हणजे कागदावर पाहिले तर दोघांची भूमिका एक झालेली होती. दारातल्या माणसाला कागद पाहायचा नव्हता, कोण केव्हापासून बोलत आहे हे पाहायचे होते.

आता जे लिहितो ते मी आजवर फारसे कोणाला सांगितलेले नाही. एका घरी साठीच्या आसपासचे गृहस्थ भेटले. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून त्यांना कमी केले होते. मूळचा कुठला, असे त्यांनी विचारले आणि मी पुणे असे उत्तर दिले. नाव ऐकताच ते म्हणाले, "म्हणजे आमचे आरेखनाचे काम जिथे गेले, तेच शहर." आवाजात राग नव्हता, ते केवळ माहिती पडताळून पाहत होते. त्यांचे म्हणणे खरे होते. डेट्रॉइट आणि पुणे यांच्यातील अभियांत्रिकी कामाची देवाणघेवाण हा माझ्या रोजच्या नोकरीचाच भाग आहे. सकाळचे माझे पहिले दूरध्वनी पुण्यालाच असतात. खुल्या व्यापाराचा जो फायदा संहितेतील वाक्यांत सांगितला होता, तो त्यांच्यासमोर माझ्या रूपाने उभा होता आणि तोटा त्यांच्या बाजूला होता. यंत्रमानवांमुळे गेलेल्या नोकऱ्या व्यापारामुळे गेलेल्या नोकऱ्यांहून अधिक आहेत, हा अर्थशास्त्रज्ञांचा युक्तिवाद मला ठाऊक होता, परंतु त्या दारात तो उच्चारणे मला उद्धटपणाचे वाटले. आम्ही त्यांच्या जुन्या कारखान्यातील दाबयंत्रांबद्दल बराच वेळ बोललो. शेवटी मी ॲपमध्ये त्यांच्या नावापुढे "अनिश्चित" अशी नोंद केली, कारण मतदाराचा पाठिंबा नोंदवण्याच्या एक ते पाच या मोजपट्टीत तेथे घडलेले बसवण्यास दुसरी जागा नव्हती.

मॅकोमने त्या वर्षी ट्रम्प यांना कौल दिला आणि संपूर्ण मिशिगन १०,७०४ मतांनी गेले. माणसे बदलली असे लोक म्हणतात, पण मला तसे वाटत नाही. कारखान्याचा प्रश्न २००८ मध्येही हाच होता, तेव्हा त्याला उत्तर देणारा उमेदवार आमच्याकडे आहे असे त्यांना वाटले होते, इतकेच.

पिट्सबर्ग, २०२४

माझा अनुभव थोडक्यात सांगते. मी कमला हॅरिस यांच्यासाठी पश्चिम पेनसिल्व्हेनियात काम केले. खडकात पाण्याचा उच्च दाब देऊन नैसर्गिक वायू काढण्याच्या पद्धतीवर, म्हणजे फ्रॅकिंगवर, बंदी असावी असे त्या २०१९ मध्ये म्हणाल्या होत्या. २०२४ मध्ये त्यांनी बंदी आणणार नाही असे स्पष्ट केले. या भागात वायूच्या विहिरी आहेत आणि काही कुटुंबांना आपल्या जमिनीखालच्या वायूपोटी स्वामित्वशुल्कही मिळते. मी हवामानबदलावर बोलण्याची तयारी केली होती, प्रत्यक्षात मला हवामानाविषयी जवळजवळ कोणी विचारले नाही. "मत बदलले ते का बदलले?" असे मात्र सगळ्यांनी विचारले. याचे कारण मोहिमेने आम्हाला नेमके पुरवलेले नव्हते आणि स्वतःच्या मनाने कारण रचून सांगणे मला योग्य वाटत नव्हते.

एडिसन, न्यू जर्सी, २०२४

या धाग्यावर रिपब्लिकन पक्षाचे काम केलेले कोणी दिसत नाही, म्हणून लिहितो. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. न्यू जर्सीचा निकाल बहुतेक ठरलेला असल्याने आम्ही डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियातील बक्स काउंटीमध्ये प्रचाराला जात असू.

माझ्या मते मुख्य मुद्दा करकपातीचा होता. २०१७ च्या कायद्यातील वैयक्तिक कराच्या सवलती २०२५ अखेर संपणार होत्या आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला त्याचा किती भार पडेल, हे मी आकडेमोड करून दाखवू शकत होतो. कोणालाही ती आकडेमोड नको होती. लोकांना अंडी, दूध आणि घरभाडे यांविषयी बोलायचे होते. महागाईचा दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर, म्हणजे चार दशकांतील उच्चांकावर गेला होता आणि २०२४ च्या शरद ऋतूपर्यंत तो तीन टक्क्यांच्या खाली आलेला होता. विरोधी बाजूचे स्वयंसेवक हे प्रामाणिकपणे सांगत असत. परंतु दर उतरणे म्हणजे भाव उतरणे नव्हे, केवळ त्यांची चढण्याची गती मंदावणे असते, हे हिशेबाच्या भाषेत खरे असलेले वाक्य दारात ऐकणाऱ्याला चिडवल्यासारखे वाटत असे. आमच्या बाजूला काही समजावून सांगावेच लागले नाही. आमच्याकडे भाव खाली आणण्याची ठोस योजना होती म्हणून लोक वळले, असा दावा मी करणार नाही.

गर्भपाताच्या प्रश्नावर मात्र आम्हीच बचावाच्या पवित्र्यात होतो. गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२ मधील निकालानंतर हा विषय राज्यांकडे गेला आणि पेनसिल्व्हेनियाचा कायदा बदललेला नाही, असे मी सांगत असे. पती समोर उभे राहून आमच्याशी हसून बोलत आहेत आणि मागे उभ्या असलेल्या पत्नीने पत्रक हातातही घेतलेले नाही, असे अनेक घरी झाले. बेन्सालेमच्या भारतीय वस्तीत वेगळाच सूर होता. रांगेत उभे राहून, शुल्क भरून आलेल्या लोकांना सीमेवरून विनापरवाना येणाऱ्यांबद्दल जो राग होता, तो इतर कोणाहीपेक्षा तीव्र होता. बक्स काउंटी १९८८ नंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली, तीही अगदी निसटत्या फरकाने.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

वरील प्रतिसादातील रांगेविषयी थोडे लिहितो, कारण मी त्याच रांगेत आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत असा नियम आहे. भारतीय अर्जदारांची रांग त्यामुळे दशकांच्या हिशेबात मोजावी लागते. ही मर्यादा काढण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहाने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले, सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये आपले वेगळे रूप संमत केले आणि दोन्हींचा मेळ न बसल्याने ते बारगळले. मी फोनवरून नेवाडातील मतदारांशी बोलत असे. स्थलांतर हा प्रत्येक निवडणुकीत पहिल्या तिनांतला मुद्दा असतो, तरी आमचा प्रश्न त्या शब्दाखाली कोणाच्याही मनात येत नाही, कारण आम्हाला मत नाही आणि सीमेवरचे चित्रणही नाही. मी तो विषय फोनवर कधी काढला नाही. स्वयंसेवकाने स्वतःचे गाऱ्हाणे घेऊन मतदाराचा वेळ घेऊ नये, असे मला वाटते. येथे कोणाचे मत वेगळे असेल तर जरूर लिहावे.

जॉन्स क्रीक, जॉर्जिया, २०२०

माझे मत वेगळे आहे. स्वतःचा प्रश्न हाच कधीकधी एकमेव खरा प्रचार ठरतो. २०२० मध्ये महामारीमुळे डेमोक्रॅटिक पक्षाने घरोघरी जाणे बराच काळ थांबवले होते, त्यामुळे आम्ही काही जणी फोन करत असू. यादीतील मराठी आडनावे आम्ही आपापसांत वाटून घेतली. आरोग्यविमा म्हटले की नोकरदार कुटुंबे ऐकून घेत, परंतु त्यांना कंपनीचा विमा असल्याने तो त्यांना दुसऱ्याचा प्रश्न वाटत असे. मग मी माझ्या सासूबाईंविषयी सांगू लागले. ग्रीन कार्डावर आलेल्या ज्येष्ठांना पाच वर्षे वास्तव्य झाल्याशिवाय मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यात, सहसा प्रवेश मिळत नाही. मधल्या काळात मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या वृद्ध व्यक्तीला जुन्या आजारांची अट न घालता विमा मिळतो, तो २०१० च्या कायद्यामुळे. तोच कायदा संपूर्ण रद्द करावा, या मागणीचा खटला १० नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला येणार होता. एवढे सांगितले, की पलीकडून हमखास विचारले जाई, "अहो, मग आमच्या बाबांचे काय होईल?" त्यानंतरचे बोलणे प्रचाराचे राहत नसे. कोणता विमा, हप्ता किती, नोंदणी केव्हा, असे आम्ही बोलत असू.

जॉर्जियाचा निकाल ११,७७९ मतांच्या फरकाने जो बायडन यांच्या बाजूने लागला. त्यात आमच्या फोनचा वाटा किती होता, हे कोणालाच सांगता येणार नाही.

फिलाडेल्फिया, २०२०

धाग्याचा प्रश्न मला थोडा अपुरा वाटतो, म्हणून शेवटच्या पंधरवड्याविषयी लिहिते. त्या काळात मुद्दे जवळजवळ संपलेले असतात. यादीत फक्त आपले समर्थक उरतात आणि त्यांना "केव्हा, कसे, कोणाबरोबर मत देणार" एवढेच विचारायचे असते. पेनसिल्व्हेनियात कारणाशिवाय टपाली मतदानाची सोय २०१९ च्या कायद्याने झाली होती आणि अध्यक्षीय निवडणुकीत ती प्रथमच वापरली जात होती. मतपत्रिका आधी आतल्या कोऱ्या पाकिटात आणि मग बाहेरच्या पाकिटात घालायची, अन्यथा ती मोजली जाणार नाही, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये दिला. अनेक वर्षे मतदान करत आलेल्या लोकांनाही हे नवे होते. मुखपट्ट्या बांधून, ओटीवरून दहा पावले मागे उभे राहून आम्ही दोन पाकिटे हातात धरून दाखवत असू. पत्रके दाराच्या मुठीला अडकवावी लागत, कारण टपालपेटीत तिकिटाशिवाय काही टाकण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. आमच्या गटाने शेवटच्या आठवड्यात वाटलेल्या पत्रकावर आरोग्य, रोजगार किंवा महामारी यांपैकी काहीही छापलेले नव्हते. त्यावर दोन पाकिटांचे चित्र, सही आणि तारखेची जागा आणि जवळच्या मतपेटीचा पत्ता होता.