इंडक्शन घेतलं म्हणजे आपला धूर दुसऱ्याच्या छातीत ढकलला का?

माजघर:
आईला दमा आहे. अलीकडे तिचा पंप वाढलाय. डॉक्टरांनी औषधांआधी स्वयंपाकघराचीच चौकशी केली: शेगडी कोणती, खिडकी कुठे, पंखा हवा बाहेर फेकतो की तिथल्या तिथे फिरवतो. म्हणून इंडक्शन आणलं. तर धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, वीज कोळशाचीच ना? मग तू फक्त धुराचा पत्ता बदललास." त्याला वाद जिंकायची हौस आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, तरी मुद्दा डोक्यातून जात नाही. कोणी हिशेब मांडून सांगेल का? आणि वीज गेली की आईच्या खिडकीखालीच इमारतीचा डिझेल जनरेटर धडधडायला लागतो, त्याचं काय करायचं तेही सांगा.

बॉयलरवाले आजोबा:
माझी सगळी नोकरी औष्णिक वीजकेंद्रात, बॉयलर आणि राख यांच्या सेवेत गेली. तुमच्या भावाचं निम्मं खरं आहे, ते आधी त्याला देऊन टाकू.

भांड्यात एक युनिट उष्णता उतरवायची आहे असं धरा. इंडक्शन साधारण ८५ टक्के वीज भांड्यापर्यंत पोचवतं, म्हणजे १.२ युनिट वीज लागली. ती सगळी कोळशाची असेल तर युनिटमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड, एकूण १.२ किलो. गॅसची ज्योत ४० टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्याला देते आणि उरलेली स्वयंपाक करणाऱ्याच्या तोंडावर फेकते. तरीही गॅसचा आकडा ०.६ किलोच्या आसपास थांबतो. कारण कोळशातल्या १०० भाग उष्णतेपैकी ३५-एक भागच आम्ही तारेत घालतो, बाकी कूलिंग टॉवर आणि चिमणीतून जाते. तेव्हा निव्वळ कोळशाच्या विजेवर इंडक्शन हवामानाला गॅसपेक्षा महाग पडतं. ग्रिडमधली निम्मी वीज ऊन, वारा, पाणी किंवा अणूपासून आली की दोघं साधारण बरोबरीला येतात, त्यापुढे इंडक्शन सरस.

पण तुम्ही आईच्या छातीबद्दल विचारताय, आणि तिथे भावाचा हिशेब कोसळतो. धूर किती निघाला एवढंच त्याने पाहिलं. त्यातला माणसाच्या श्वासात किती गेला, हा प्रश्न वेगळा. कर्क स्मिथ नावाचे संशोधक होते, २०२० मध्ये गेले. घरातल्या चुलीच्या धुरावर त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांचा ढोबळ नियम असा, की घरात सुटलेलं प्रदूषक कुणाच्या तरी फुप्फुसात जाण्याची शक्यता बाहेर सुटलेल्यापेक्षा हजारपट असते. बंद खोलीत हवा पळणार कुठे? उंच चिमणीतून सुटलेल्या दहा लाख भागांतले मोजकेच भाग श्वासात जातात. तेव्हा आईसाठी केलंत ते योग्यच केलंत.

आता आमच्या खात्याबद्दल. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुरक्याने हजारो माणसं गेली. पुढच्या काळात अनेक देशांनी सोपा उपाय धरला: चिमण्या उंच करा. कॅनडात सडबरीला १९७२ मध्ये निकेल-तांब्याच्या भट्टीवर ३८१ मीटरची चिमणी उभी राहिली. अशा चिमण्यांनी जवळची हवा सुधारली, पण गंधक शेकडो किलोमीटर प्रवास करून पावसातून उतरलं. स्कँडिनेव्हियातली, म्हणजे नॉर्वे-स्वीडनकडची तळी आम्लधर्मी झाली, मासे मेले, आणि शेवटी १९७९ मध्ये जिनिव्हात देशांना सीमापार प्रदूषणावर करार करावा लागला. शिवाय सल्फर डायऑक्साइडचं हवेत सल्फेट होतं, म्हणजे पुन्हा बारीक कणच. ते आमची ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने धुरातली राख ओढून घेणारं यंत्र, अडवू शकत नाही, कारण चिमणीतून निघताना तो वायू असतो. त्यासाठी चुनखडीचं पाणी फवारणारं वेगळं यंत्र लागतं. ईएसपी राख ९९ टक्क्यांहून जास्त पकडते खरी, पण ते वजनाने. वजन मोठ्या कणांचं असतं, आणि निसटतात ते ०.१ ते १ मायक्रॉनचे, म्हणजे नेमके खोलवर जाणारे. लांबून चिमणी अगदी स्वच्छ दिसते.

राखकाठ:
आजोबा, हजारपटीचा नियम पटला, पण ती सरासरी आहे. मी अॅश पाँडच्या, म्हणजे वीजकेंद्राची राख टाकतात त्या तळ्याच्या कडेला राहतो. तुमची ईएसपी जितकी चांगली, तितकी आमच्याकडे राख जास्त, कारण पकडलेली राख कुठेतरी टाकावीच लागते. तळ्याचा काठ उन्हाळ्यात वाळला की वारा ती उचलतो. तिच्यात आर्सेनिक, शिसं असतं आणि तळाला अस्तर नसेल तर ते भूजलात झिरपतं. अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्स्टनला डिसेंबर २००८ मध्ये राखेचा बांध फुटून सुमारे ४१ लाख घनमीटर चिखल नदीत आणि घरांवर गेला होता. ताईंनी इंडक्शन जरूर वापरावं, पण भाऊ अगदीच वेडा नाही.

बॉयलरवाले आजोबा:
राखकाठ, रास्त आहे. राख सिमेंट आणि विटांत गेली तर तळं कमी भरतं, तरी जी साठली ती साठलीच. यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही.

छातीतज्ज्ञ_निवासी:
दोन गोष्टी घाईत. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तो दमेकऱ्याच्या श्वासनलिका चिडवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली. इंडक्शनने हा वायू जातो, पण तापलेल्या तेलाचा धूर शेगडी कोणतीही असो, राहतोच. त्यामुळे पंखा भिंतीतून बाहेर हवा फेकणारा हवा. आणि त्रास कमी झाला तरी पंप स्वतःहून बंद करू नका.

डिझेलचा धूर २०१२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कर्करोगकारक म्हणून आहे. तुमच्या वर्णनावरून मला चुलीपेक्षा तो जनरेटर जास्त खटकतोय.

माजघर:
सर्वांचे आभार. भावाला धागा पाठवला, "निम्मं खरं" एवढंच वाचून खूश आहे. जनरेटरचा धुराचा पाइप पहिल्या मजल्याच्या उंचीवर सुटतो. सोसायटीच्या बैठकीत नेमकं काय मागू?

बॉयलरवाले आजोबा:
पाइप गच्चीच्या वर न्या म्हणा, आणि तोंड वर, टोपी न लावता, म्हणजे धूर खाली दाबला जाणार नाही. पावसासाठी झडप येते, ती इंजिन चालू झालं की आपोआप उघडते. शेजारच्या इमारतीची उंचीही पाहायला सांगा, नाहीतर तुमचा धूर त्यांच्या वरच्या मजल्यात शिरेल. लिफ्ट आणि पाण्याचा पंप सोडून बाकीचा भार बॅटरीवर टाकता आला तर इंजिन लहान लागेल. आणि वीज गेली की तुमचं इंडक्शन बंद. डिझेलच्या विजेवर ते चालवणं म्हणजे तोच धूर आईच्या खिडकीखाली वाढवणं. तेवढा वेळ गॅस चालेल, पंखा मात्र चालू ठेवा.