मदत हवी आहे: रोज अंगावर बाळगायला .३२ – रिव्हॉल्वर घ्यावी की पिस्तूल? (सांगली जिल्हा)

गलाईवाला_विटा
नमस्कार मंडळी. परवाना मंजूर होऊन हातात आला आहे. एक हत्यार, .३२ बोअर (नळीच्या छिद्राचं माप), प्रकाराच्या रकान्यात 'पिस्तूल/रिव्हॉल्वर' असं लिहिलंय. काम गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं, त्यामुळे विटा–सांगली आणि विटा–कराड अशी ये-जा, निम्मी मोटारसायकलवर. अंगकाठी बारीक, कपडे साधे, शर्ट बाहेर सोडलेला. बघतोय ते असं: कानपूरच्या सरकारी कारखान्याची निर्भीक रिव्हॉल्वर, त्यांचीच नवी प्रबल, बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याचं .३२ पिस्तूल, आणि एका परवानाधारकाकडची जुनी वॉल्थर पीपीके. निडर हलकी आहे, पण ती .२२ची, माझ्या परवान्यात बसत नाही. रोज आठ-दहा तास कमरेला राहणार आहे या हिशेबाने जाणकारांनी सांगावं. होल्स्टरचंही (हत्यार कमरेला अडकवायच्या म्यानाचं) सांगा.

रॉकी_मिरज
ग्लॉक १९ बघ की भावा. पातळ, १५ गोळ्या.

नळीदार
रॉकीभाऊ, ग्लॉक १९ नऊ मिलिमीटरची आहे आणि ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाही. परदेशी व्हिडिओतली निम्मी यादी इथंच गळते.

गलाईवाले, हत्याराच्या आधी काडतूस समजून घ्या. '.३२' या एका आकड्याखाली दोन वेगळी काडतुसं येतात. रिव्हॉल्वरला .३२ स्मिथ अँड वेसन लाँग लागतं, म्हणजे ७.६५ × २३ मिमी, बुडाला पूर्ण कड असलेलं. पिस्तुलाला .३२ एसीपी, ७.६५ × १७ मिमी, अर्धी कड. एसीपी आखूड असल्यामुळे रिव्हॉल्वरच्या घरात (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) उतरतं आणि कधीकधी उडतंही, म्हणून लोक 'चालतंय की' म्हणतात. चालवू नका. त्याचा दाब लाँगपेक्षा जास्त असतो आणि जुन्या, मोडून उघडणाऱ्या बांधणीची बिजागरी तेवढ्यासाठी बनवलेली नसते. दुकानात नुसतं '.३२ द्या' म्हणू नका, पूर्ण नाव सांगा आणि डबा उघडून बघून घ्या. जोरात म्हणाल तर दोन्हींत निवडण्यासारखा फरक नाही. 

आता तुमची यादी.

निर्भीक: २०१४ ला आली, टायटॅनियम मिश्रधातूची, रिकामी ५०० ग्रॅम, सहा बार. वरून मोडून उघडते. सहा काडतुसांचे ६० ग्रॅम धरा. आठ-दहा तासांच्या कमरेला हे वजन पेलतं. हलकी असल्याने हिसका (बार उडताना हाताला बसणारा धक्का) जरा टोचतो, पण .३२ मध्ये तो मुळात किती!

प्रबल: ऑगस्ट २०२३ ची. ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी, एकूण लांबी १७७.६ मिमी, सिलिंडर बाजूला झुलतो. बाजारात आली तेव्हा किंमत १ लाख ४० हजारांच्या आसपास होती. नेम धरायला जास्त स्थिर, भरायला सोपी, बिजागरी सैल होण्याचा प्रश्नच नाही. पण कंबर बारीक असेल तर पट्टा खाली ओढला जातो आणि दुपारनंतर माणूस हत्यार घरी ठेवायला शिकतो.

पीपीके: ७.६५ मध्ये सुमारे ५९० ग्रॅम, १५५ मिमी लांब, सात काडतुसांचं मॅगझिन, आणि चपटी. लपवायला यादीत हीच सरस. पण खासगी आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, तेव्हापासून अशी हत्यारं एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरतायत. भाव नावाचा लागतो, सुटे भाग मिळत नाहीत. रिकॉइल स्प्रिंग दमलेली असेल तर नवी कुठून आणणार?

इशापूरचं पिस्तूल: आठ काडतुसांचं मॅगझिन, किमतीला बरं. दोन नग शेजारी ठेवले तर चाप वेगवेगळे लागतात, म्हणून कागद वाचून नव्हे, हातात घेऊन निवडा.

माझं मत निर्भीककडे.

गलाईवाला_विटा
धन्यवाद. पण पिस्तूल चपटं आणि आठ बार, रिव्हॉल्वर फुगीर आणि सहाच. मग रिव्हॉल्वरच का?

नळीदार
कारण रोज बाळगायच्या हत्याराची बहुतेक गोळी कधीच उडत नाही. ते नुसतं असतं. नुसतं असताना जे सुरक्षित राहतं आणि काढल्यावर एका हाताने चालतं ते घ्यायचं.

पिस्तूल सिंगल ॲक्शन असेल, म्हणजे घोडा (आपटून काडतूस उडवणारा हातोडीसारखा भाग) आधी मागे ओढलेला असेल तरच चाप चालत असेल, तर दोनच मार्ग. चेंबर (नळीच्या मागचं काडतुसाचं घर) रिकामं ठेवलं तर वेळेला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला दुसरा हात मोकळा हवा. तुमचा दुसरा हात मोटारसायकलच्या हँडलवर नाहीतर पिशवीवर. चेंबर भरून सेफ्टी लावली तर सगळा भरवसा त्या छोट्या खटक्यावर. ब्राउनिंग १९१० सारख्या जुन्या पिस्तुलात आतली स्प्रिंग वर्षानुवर्षं ताणलेली राहते, त्यामुळे हा मार्ग मला मान्य नाही. पीपीके डबल ॲक्शन आहे, म्हणजे चाप ओढला की घोडाही मागे जातो, तिथं ही अडचण कमी. रिव्हॉल्वरचा चाप लांब आणि जड, तीच तिची सेफ्टी. काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं.

पिस्तुलात आणखी एक खोड. .३२ एसीपीची कड अर्धी असल्याने मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या मागे अडकली तर दोन्ही एकमेकांत रुततात. स्लाइड कितीही ओढा, सुटत नाही. मॅगझिन काढून बारीक पेचकसाने दुसरं काडतूस खाली दाबावं लागतं. आखूड टोकाच्या गोळ्यांत हे जास्त होतं कारण आत पुढं-मागं सरकायला जागा राहते. पूर्ण लांबीची जॅकेटवाली (शिशावर धातूचं आवरण असलेली) गोळी वापरा आणि भरताना प्रत्येक कड खालच्या कडेच्या पुढेच बसली का ते डोळ्याने बघा.

फीलर_गेज
निर्भीक असो वा जुनी कानपूर रिव्हॉल्वर, ताब्यात घेण्याआधी दुकानातच तपासा. आधी उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे बघा, मग बंद करा.

चाप पूर्ण दाबून धरा आणि सिलिंडर बोटाने हलवून बघा. किंचित हालचाल चालेल, खडखड चालणार नाही. नळी आणि सिलिंडरच्या मधल्या फटीत मोटारसायकलच्या टॅपेटची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ०.१५ ते ०.२५ मिमी ठीक. त्याहून जास्त असेल तर वायू बाजूला फुटतो, कमी असेल तर काजळी धरून सिलिंडर जाम होतो. ही फट सहाही घरांवर मोजा, एकावर नको. एखाद्याच घरावर वेगळी आली तर सिलिंडर तिरका फिरतोय.

घोडा हळूहळू मागे न्या. पूर्ण मागे जायच्या आत सिलिंडर जागी 'टक' करून बसला पाहिजे. आधी घोडा, मग टक असं होत असेल तर नग परत द्या. मोडून उघडणाऱ्यात बंद केल्यावर वरच्या खटक्याजवळ नळी आणि मूठ विरुद्ध बाजूंना दाबा. तिथं हललं तर बिजागरी गेली.

पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची रिकामी खोकी) काढताना नळी वर ठेवून एका झटक्यात पूर्ण उघडा. अर्धवट उघडून थांबलात तर एखाद्या पुंगळीची कड ताऱ्याच्या आकाराच्या एक्स्ट्रॅक्टरखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाखाली) घसरते, मग रिव्हॉल्वर ना उघडते ना मिटते. नखाने काढत बसावं लागतं.

चामडं_आणि_पट्टा
होल्स्टरवर बोलतो, कारण त्यातच लोक पैसे वाचवतात. कापडी इलास्टिकचं घेऊ नका. हत्यार काढलं की ते मिटतं, परत घालताना कापड चापात अडकतं. होल्स्टर कडक हवं, चाप पूर्ण झाकणारं, आणि उलटं धरून हलवलं तरी (हत्यार रिकामं असताना) खाली न पडणारं.

कोल्हापूरकडे वनस्पतींनी कमावलेलं चामडं मिळतं, तेच घ्या, ३ ते ३.५ मिमी जाडीचं. क्रोमवर कमावलेलं मऊ असतं पण त्यातले क्षार पोलादाला गंज आणतात. मापाला मात्र हत्यार कारागिराच्या हातात देऊन येऊ नका, परवाना तुमचा आहे, त्याचा नाही. सुताराकडून लाकडी नमुना करून घ्या, मापं स्वतः कॅलिपरने घेऊन. चामडं कोमट पाण्यात भिजवून नमुन्यावर दाबायचं, सावलीत दोन दिवस वाळवायचं. उन्हात ठेवलं की आकसतं.

पट्टा ३८ मिमी रुंद, दुहेरी. बाजारातल्या एकेरी पट्ट्यावर ५०० ग्रॅम लटकवलं की शर्टखालून मूठ बाहेर झुकते आणि सगळ्या बाजाराला कळतं. जागा उजव्या कुल्ल्याच्या हाडामागे. गाडीवर पुढं वाकल्यावर शर्ट वर सरकतो, म्हणून शर्ट एक माप लांब शिवा. टाकीवरच्या बॅगेत ठेवायचा विचार करू नका, गाडी पडली की हत्यार एकीकडे आणि तुम्ही एकीकडे.

पाटणकर
नळीदारांशी सहमत, एक भर घालतो. कराडच्या पश्चिमेला, पाटण-कोयनेकडे जाणार असाल तर पावसाळ्यात काळं केलेलं पोलाद एका रात्रीत तांबूस होतं. आटपाडी-जतला हा प्रश्न नाही, तिथं धूळ आणि घाम. घरी आलं की होल्स्टरमधून काढायचं, पातळ तेलाच्या फडक्याने बाहेरून पुसायचं, सिलिका जेलसोबत कुलपात. होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवायचं नाही. निर्भीकचं अंग गंजत नसलं तरी स्प्रिंगा आणि पिना पोलादाच्याच. तेल मात्र काडतुसांच्या बुडाला लागू देऊ नका, कॅपमध्ये (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागात) झिरपलं की काडतूस मुकं होतं. रोजची काडतुसं वर्षातून एकदा रेंजवर संपवा, नवी भरा. रेंज आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी फक्त एअर गन चालते.

आणि बार उडताना आवाज दबका आला तर थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यामागून दुसरी सोडली तर नळी फुगते, नशीब वाईट असेल तर फुटते.

कागदपत्रे_नीट
कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हॅन्डगन होल्स्टरमध्ये अंगाला किंवा तशा धारकात, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात हवी. दाखवणं, मिरवणं बंद. वरातीत हवेत उडवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवान्यावरची क्षेत्रमर्यादा वाचा. तुमची गलाईची मंडळी देशभर पसरलेली, पण परवाना जिथपर्यंत लिहिलाय तिथपर्यंतच. काडतुसांची मर्यादाही त्यावरच असते. पीपीके घ्यायची ठरली तर विकणाऱ्याच्या परवान्यावर तोच नंबर आहे का ते बघा आणि हस्तांतराची परवानगी आल्याशिवाय पैसे देऊ नका.

निवडणुकांचंही ध्यानात ठेवा. आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, झेडपी, पालिका, एक संपली की दुसरी. आचारसंहितेत हत्यार जमा करायचा आदेश आला की महिनोन्महिने ते पोलीस ठाण्यात. देताना नळीत आणि सिलिंडरमध्ये घट्ट ग्रीस भरा, नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या. परत घेताना पावतीशी नंबर जुळवा, मग ग्रीस पूर्ण पुसून नळीतून उजेड बघा. ग्रीस राहिलेल्या नळीतून बार सोडायचा नाही.

गलाईवाला_विटा
निर्भीक पक्की. शेवटची शंका: सहाही घरं भरून बाळगायची का?

फीलर_गेज
विक्रेत्याला विचारा की घोड्याला अडसर, म्हणजे हॅमर ब्लॉक, आहे का. असेल तर सहा. 'बहुतेक असेल' असं उत्तर आलं तर पाच भरा आणि रिकामं घर घोड्याखाली आणून मग बंद करा. बंद केल्यावर घोडा ओढून सोडून बघत बसू नका, सिलिंडर एक घर पुढं सरकतो आणि भरलेलं काडतूस घोड्याखाली येतं.