मदत हवी आहे: द्राक्षमळ्यातला सरवा आणि आपली मंडळी (चर्च)

जय ख्रिस्त! नाशिकला शरणपूर रोडजवळ राहते, तरुण संघाचा अभ्यास रविवारी माझ्याकडे आहे. बायबलच्या जुन्या करारातलं लेवीय 19:10 घेतलंय: द्राक्षमळ्यात गळालेले मणी वेचू नका, गरीब-उपऱ्यांसाठी ठेवा (हाच सरवा). निफाड-दिंडोरीच्या पोरांना मळा काय सांगायचा! पण एकानं विचारलं, "गरीब सदा तुमच्याजवळ आहेत, असं येशूच म्हणाला, मग धडपड कशाला?" ते वाक्य मुळात जुन्या करारातल्याच अनुवाद या पुस्तकातलं (15:11), तिथे पुढे हात सैल सोडण्याची आज्ञा आहे, एवढं सांगितलं. खरी अडचण पुढची. त्याच नियमशास्त्रात योबेल वर्षात, म्हणजे दर 50व्या वर्षी, विकलेली जमीन मूळ घराण्याला परत जायची. म्हणजे नुसतं दान नव्हे. नाताळच्या धान्यवाटपापलीकडे (तेही फोटोसकट!) तुमच्या मंडळीत कर्ज, मजुरी यांवर काही केलंय का? अनुभव सांगा.